स्वतःच्या जुन्या गेम-सीडींची राखीव प्रत काढणे: कायद्याला चालते का, आणि प्रत्यक्षात जमते का?

पेठेतला_खेळाडू (धागाकर्ता):

नमस्कार. १९९७ ते २००८ या काळात विकत घेतलेल्या संगणकीय खेळांच्या एकूण ४१ सीडी आणि डीव्हीडी माझ्याकडे आहेत. बहुतेक पुण्यातूनच घेतल्या, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणल्या. त्याच रस्त्यावर नकली सीडी राजरोस मिळत असताना मी पेटीबंद, पावतीसह खेळ घेतो म्हणून मित्रांनी मला तेव्हा वेड्यात काढले होते, हे आज सांगायला हरकत नाही.

यंदा पावसाळा सरल्यावर कपाट उघडले, तेव्हा कागदी पाकिटांत ठेवलेल्या सात-आठ सीडींवर बुरशीचे ठिपके दिसले आणि एका सीडीला मधल्या भोकापासून केसाएवढा तडा गेलेला आढळला. माझी मुलगी आठवीत आहे, तिला हे खेळ खेळायचे आहेत, आणि मूळ सीडी रोज ड्राइव्हमध्ये घालण्याचे धाडस मला होत नाही. म्हणून सगळ्यांची एकदाच प्रत काढून हार्ड डिस्कवर ठेवावी असा विचार आहे. मात्र खोक्यांवर ‘अनधिकृत प्रत काढणे हा गुन्हा आहे’ अशा अर्थाचा मजकूर ठळक अक्षरांत छापलेला आहे. तो मजकूर माझ्यासारख्या खरेदीदारालाही लागू होतो का? तसेच माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो, आम्ही दोघांनी मिळून खेळलेल्या काही खेळांची प्रत तोही मागतो आहे. त्याला ती दिली तर चालेल का? आणि कायद्याची बाजू निभावली, तरी या जुन्या सीडींची चालणारी प्रत खरोखर निघते का?

सातारची_वकील:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट आहे, आणि ते बहुतेकांच्या समजुतीपेक्षा ग्राहकाच्या अधिक बाजूचे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये कोणत्या कृती हक्कभंग ठरत नाहीत, हे दिलेले आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यातील पोटकलम (१) मध्ये खंड (एए) आला. त्याचा आशय असा की, संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या रीतसर ताब्यात आहे, त्याने तिच्यावरून, प्रोग्रॅम ज्या कामासाठी पुरवला गेला त्या कामी वापरता यावा म्हणून प्रत काढली, किंवा मूळ प्रत हरवली, नष्ट झाली वा खराब झाली तर निव्वळ तात्पुरते संरक्षण असावे म्हणून राखीव प्रत काढली, तर तो हक्कभंग होत नाही. १९९९ च्या दुरुस्तीने खंड (एडी) जोडला गेला आणि स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत काढण्यालाही मुभा मिळाली. मूळ सीडी कपाटात ठेवून मुलीला रोज हार्ड डिस्कवरील प्रतीवरून खेळू देणे, हे माझ्या मते या दोन खंडांच्या एकत्रित वाचनात बसते. केवळ (एए) वर विसंबले असते, तर ‘तात्पुरते संरक्षण’ या शब्दांवरून वाद घालायला थोडी जागा उरली असती.

आता बारकावा. खेळ म्हणजे केवळ प्रोग्रॅम नव्हे, त्यात चित्रे असतात, संगीत असते, मधूनमधून छोटे चित्रपटही असतात, आणि हे सारे कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या प्रकारांत मोडते. त्या भागासाठी कलम ५२(१)(ए) पाहावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्या खंडात, संगणक प्रोग्रॅम वगळता कोणत्याही कृतीचा खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला उचित वापर हक्कभंग ठरत नाही, अशी तरतूद आहे. म्हणजे प्रोग्रॅमसाठी एक दार आणि चित्र-संगीतासाठी दुसरे. घर एकच, पण दोन्ही दारे उघडी आहेत याची खात्री करून आत जावे लागते.

खंड (एए) मधील ‘त्याच प्रतीवरून’ या शब्दांकडे आपले विशेष लक्ष वेधते, कारण नेमक्या याच ठिकाणी लोक चुकतात. तडा गेलेली सीडी वाचता येत नाही म्हणून तोच खेळ कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून घेतला, तर ती आपल्या सीडीची राखीव प्रत होत नाही, मग पावती आपल्या हातात असली तरीही. ‘हा खेळ आता कुणी विकत नाही, म्हणजे तो मोकळा झाला’ ही समजूतही निराधार आहे. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकणारा हक्क, दुकानातून खोका नाहीसा झाला म्हणून संपत नाही.

भावाला प्रत देण्याबाबत मात्र मला स्पष्ट ‘नाही’ म्हणावे लागेल. सवलत ताबेदाराला आहे, त्याच्या नातलगांना नाही. आपण मूळ सीडी भावाला कायमची देऊन टाकू शकता, पण मग आपल्याकडील राखीव प्रत पुसून टाकणे हे ओघानेच आले, कारण ज्या ताब्याच्या आधारावर ती उभी होती तो ताबाच गेला. कलम ६३बी नुसार, हक्कभंग करून काढलेली प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी वा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कैद वगळू शकते आणि ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकते. भावाभावांत कुणी फिर्याद करत नाही हे खरे आहे. परंतु प्रश्न कायद्याचा होता, म्हणून उत्तरही कायद्याचे दिले.

नियमावर_बोट:

वकीलताईंबद्दल आदर राखून एक शंका मांडतो. खेळ इन्स्टॉल करताना आपण ज्या लांबलचक परवाना-करारावर ‘मान्य आहे’ म्हणून क्लिक करतो, त्यात बहुतेक कंपन्या प्रत काढण्यास मनाई करतात किंवा एकाच प्रतीची परवानगी देतात. करार केल्यावर कलम ५२ चा आधार घेता येईल का?

सातारची_वकील:

शंका योग्य आहे. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कलम ५२ मध्ये बसणारी कृती हक्कभंग नाही, आणि करारातील एखादे वाक्य तिला फौजदारी गुन्हा बनवू शकत नाही. कंपनीला फार तर करारभंगाचा दिवाणी दावा करता येईल, आणि त्यात घरातल्या राखीव प्रतीमुळे नेमके कोणते नुकसान झाले ते दाखवावे लागेल. युरोपीय संघाने मात्र याबाबत शंकेला जागा ठेवलेली नाही. प्रोग्रॅम वापरण्याचा अधिकार असलेल्याला आवश्यक तेवढी राखीव प्रत काढण्यापासून करारानेही रोखता येणार नाही, असे तेथील १९९१ च्या सॉफ्टवेअर निर्देशात लिहिलेले होते आणि त्याच्या जागी आलेल्या २००९ च्या निर्देशातही ते कायम आहे. आपल्या कायद्यात असे वाक्य असते, तर मला हा प्रतिसाद लिहावाच लागला नसता.

परवान्याच्या भाषेविषयी आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाचा २ मार्च २०२१ चा इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस खटल्यातील निकाल प्राप्तिकरासंबंधीचा आहे, खेळांशी त्याचा काही संबंध नाही. पण परदेशी सॉफ्टवेअर परवान्याच्या नावाखाली अंतिम वापरकर्त्याला दिले जाते, तेव्हा प्रत्यक्षात प्रोग्रॅम सामावलेल्या वस्तूची विक्री होत असते, असे न्यायालयाने त्यात मानले. ‘तुम्ही काहीच विकत घेतलेले नाही, केवळ परवाना घेतला आहे’ असे सीडीच्या खरेदीदाराला कुणी ऐकवले, तर हा निकाल हाताशी असू द्यावा.

तबकडीवाले:

कायद्याचे उत्तर मिळाले आहे, म्हणून मी केवळ कामाचे बोलतो. गेली काही वर्षे मी माझ्या आणि मित्रांच्या सीडी त्यांच्या-त्यांच्यासाठी जतन करून देतो आहे, आणि माझा अनुभव असा की निम्मी माणसे पहिली चूक फाइलचा प्रकार निवडतानाच करतात.

सीडीवरील प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटाचा ठराविक तुकडा, २३५२ बाइटांचा असतो. त्यांपैकी साध्या डेटा-सेक्टरमध्ये २०४८ बाइट उपयोगाचे आणि उरलेले चूक-दुरुस्तीसाठी व पत्त्यासाठी असतात. आयएसओ फाइलमध्ये, म्हणजे डिस्कची एकाच फाइलमध्ये काढलेल्या प्रतीत, केवळ ते २०४८ बाइट उतरतात. निव्वळ डेटा असलेल्या सीडीसाठी तेवढे पुरते. परंतु नव्वदीच्या दशकातील पुष्कळ खेळांत पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे ट्रॅक गाण्यांच्या सीडीसारखे ध्वनीचे असत. १९९६ चा ‘क्वेक’ हे त्याचे ठळक उदाहरण, त्याची सीडी संगीताच्या प्लेअरमध्ये घातली तर पार्श्वसंगीत सरळ वाजते. अशा सीडीची आयएसओ काढली, तर खेळ सुरू होतो पण मुका होतो, आणि हे लक्षात येईपर्यंत मूळ सीडी एखाद्याने विकूनही टाकलेली असते. म्हणून सरसकट सगळ्या सीडींची बिन-क्यू स्वरूपातच (डेटा आणि ध्वनी असे सगळे ट्रॅक जसेच्या तसे उतरवणारी दोन फाइलींची जोडी) प्रत काढावी. डीव्हीडींना आयएसओ चालते. इमेजबर्न हा मोफत प्रोग्रॅम ट्रॅक पाहून आपणहून योग्य स्वरूप निवडतो. विंडोज ८ पासून आयएसओ फाइल दोन क्लिकमध्ये उघडते, बिन-क्यूसाठी मात्र वेगळा आभासी ड्राइव्ह घालावा लागतो.

आता आपल्या बुरशीविषयी. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर असते आणि डेटा असलेला ॲल्युमिनियमचा थर तळाला नसून वरच्या, चित्र छापलेल्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. लोक खालची चकाकती बाजू जिवापाड जपतात आणि सीडी उलटी करून टेबलावर ठेवतात. प्रत्यक्षात खालचा ओरखडा बहुधा पॉलिश करून निघतो, वरचा ओरखडा थेट डेटा घेऊन जातो. बुरशी खालच्या बाजूला असेल, तर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे, सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवू नये. वरच्या बाजूला लेप फुगलेला दिसला, तर अजिबात घासू नये, आधी प्रत काढावी. तडा गेलेली सीडी मात्र जुन्या, कमी वेगाच्या ड्राइव्हमध्ये सर्वांत कमी वेग ठेवूनच लावावी. ५२ पटींच्या वेगाने फिरताना सीडी फुटली, तर ड्राइव्हही जातो. खराब डेटा-सीडीसाठी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू उत्तम: कोणते सेक्टर वाचले आणि कोणते राहिले याची नोंद ते ठेवते, त्यामुळे एका ड्राइव्हने सोडलेले तुकडे दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून त्याच फाइलमध्ये भरता येतात. माझ्या एका सीडीला तीन ड्राइव्ह आणि चार रात्री लागल्या, पण शेवटचा सेक्टर मिळाला.

प्रत पूर्ण झाली हे कसे ओळखावे? रीडम्प या संग्रहात हजारो डिस्कच्या अचूक प्रतींचे चेकसम, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे, नोंदवलेले आहेत. तेथे खेळ मिळत नाहीत, केवळ आकडे मिळतात. आपल्या फाइलचा आकडा जुळला, तर प्रत नेमकी आहे असे समजावे. हे करताना सिरियल कीचा आणि माहितीपुस्तिकेचा फोटोही काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा, नाही तर प्रत निघते आणि इन्स्टॉलर की मागत बसतो. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त तर पुस्तिकेत पाहून योग्य अक्षराची बाटली प्यावी लागे. आपल्याकडे कित्येकांनी तो खेळ संगणकाच्या क्लासमध्ये फ्लॉपीवरून खेळला आणि त्याला पुस्तिका असते हेच त्यांना कधी कळले नाही, ती गोष्ट वेगळी.

पेठेतला_खेळाडू:

वकीलताई, तबकडीवाले, दोघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवारी १४ सीडींची प्रत काढली. त्यांपैकी ११ चे चेकसम जुळले. उरलेल्या तिन्ही २००१ नंतरच्या आहेत, सेक्टर वाचता वाचता एका ठिकाणी हजारो चुका येतात, आणि कशीबशी निघालेली प्रत लावली तर ‘मूळ सीडी घाला’ असा संदेश येतो. आश्चर्य म्हणजे मूळ सीडी घातली तरी विंडोज १० वर खेळ सुरूच होत नाही. सीडी खराब झाल्या असाव्यात का?

तबकडीवाले:

आपल्या सीडी ठणठणीत आहेत. त्या चुका कारखान्यातच मुद्दाम घातलेल्या आहेत. सेफडिस्क नावाच्या संरक्षणात असे बिघडवलेले सेक्टर असतात आणि खेळ सुरू होताना ते तसेच आहेत ना, हे तपासले जाते; सेक्युरॉम या तशाच दुसऱ्या संरक्षणाच्या नंतरच्या आवृत्त्या डेटा सीडीवर नेमका कुठे आहे हे मोजत. साधी प्रत ही वैशिष्ट्ये उचलत नाही. विंडोज १० बाबत सांगायचे, तर सेफडिस्कला सेकड्रव्ह नावाचा ड्रायव्हर लागतो आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, सुरक्षेला धोका म्हणून, विंडोज १० मध्ये तो चालू देणे बंद केले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने विंडोज ७ आणि ८ वरही तो निष्क्रिय केला. म्हणजे चोराला अडवण्यासाठी लावलेले कुलूप आज ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच अडवते आहे. जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी ठेवावी, इंटरनेट तोडावे आणि तेथे मूळ सीडीने खेळावे, हा निर्धोक मार्ग. सीडीची तपासणीच काढून टाकणाऱ्या ‘नो-सीडी क्रॅक’ नावाच्या फाइलींबद्दल वकीलताईंनीच सांगावे. मी एवढेच म्हणेन की त्या फाइलींतून व्हायरस येण्याची शक्यता खेळ चालण्याच्या शक्यतेहून कमी नसते.

सातारची_वकील:

तोडलेल्या कुलपासंबंधीचे कलम ६५ए हे २०१२ मध्ये आले. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण ‘हक्कभंग करण्याच्या हेतूने’ संरक्षण भेदले तर. शिवाय पोटकलम (२) मध्ये, कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या उद्देशासाठी असे करण्यास आडकाठी नाही, असेही म्हटले आहे. फक्त दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवावी अशी अट आहे. तबकडीवाले मित्रांच्या सीडी जतन करून देतात, त्यांनी ही अट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. राखीव प्रत कलम ५२ मध्ये बसत असेल, तर तिच्यासाठी कुलूप भेदणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा नाही, असा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. परंतु कुणी तिसऱ्याने बदललेली क्रॅक फाइल उतरवणे वेगळे: ती आपल्या सीडीवरून काढलेली प्रतच नाही, त्यामुळे (एए) चा आधार तेथे डळमळतो.

रॅरिटनकाठचा:

धाकट्या भावांच्या देशातून लिहितो आहे. अमेरिकेत कॉपीराइट कायद्याच्या कलम ११७ नुसार प्रोग्रॅमच्या प्रतीच्या मालकाला राखीव प्रत काढता येते, पण १९९८ च्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट) कायद्याने कुलूप भेदणे हाच स्वतंत्र अपराध ठरवला, आणि तेथे भारतासारखी ‘हक्कभंगाच्या हेतूने’ ही पायरी नाही. त्यामुळे हक्क कागदावर आणि किल्ली कंपनीकडे, अशी अवस्था आहे. गेम्स एक्स कॉपी नावाचा राखीव प्रती काढून देणारा प्रोग्रॅम विकणाऱ्या ३२१ स्टुडिओजवर जून २००४ मध्ये अटारी, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आणि विवेंडी यांनी दावा लावला, आणि डीव्हीडीच्या प्रकरणांनी आधीच जेरीस आलेली ती कंपनी ऑगस्टमध्ये बंद झाली. त्याही आधी, १९८३ मध्ये, इलिनॉयमधील संघीय न्यायालयाने अटारीच्या कार्ट्रिजच्या (खेळ साठवलेली चिप असलेल्या डब्यांच्या) प्रती काढणाऱ्या यंत्राबाबत म्हटले होते की ही सवलत सहज बिघडणाऱ्या माध्यमांसाठी आहे, रॉम कार्ट्रिज तसे बिघडत नाही. आपल्या बुरशी लागलेल्या सीडी त्या न्यायाधीशांना दाखवायला हव्या होत्या. भावाने त्याच्या आवडीचे खेळ गॉगवरून पुन्हा विकत घ्यावेत, हे उत्तम. २००८ पासून चालणाऱ्या त्या पोलिश दुकानात कुलूप नसलेले इन्स्टॉलर मिळतात, ते उतरवून कुठल्याही डिस्कवर ठेवता येतात.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या खेळांची मात्र त्याने वेगळी नोंद ठेवावी. तेथे ‘बॅकअप’ची सोय आहे, पण ती प्रत परत बसवायला त्याच खात्याने लॉगिन करावे लागते, म्हणजे वाचतो तो केवळ डाउनलोडचा वेळ. आणि जे खेळ सर्व्हरशिवाय चालतच नाहीत, त्यांची डिस्क असून काही उपयोग नाही: २०१४ चा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच, एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही संपला.

पेठेतला_खेळाडू:

भावाशी बोललो. त्याला हव्या असलेल्या पाच खेळांपैकी तीन गॉगवर मिळाले, उरलेल्या दोन खेळांच्या मूळ सीडी मी दिवाळीत तो आल्यावर त्याच्याच हाती देईन आणि माझ्या फाइली पुसेन. आईकडच्या माळ्यावर २००४ चा संगणक सापडला, विंडोज एक्सपी अजून चालू होते, आणि त्या तीन सीडींपैकी दोन त्यावर सुरू झाल्या. तिसरीसाठी तबकडीवाल्यांना एकच विचारायचे आहे: तडा गेलेली तीच आहे, मधल्या भोकापासून साधारण अर्धा सेंटिमीटर. ती पुन्हा ड्राइव्हमध्ये घालू का?

तबकडीवाले:

तडा अजून पारदर्शक कड्यातच आहे की चकाकत्या भागात शिरला आहे, ते उजेडात धरून पाहा. कड्यातच असेल, तर चार पटींच्या वेगावर एकदाच लावा आणि डीडीरेस्क्यूला जेवढे मिळेल तेवढे घेऊ द्या. बिघडवलेल्या सेक्टरपाशी तो अडखळू लागला, तर पुन्हा वाचण्याचे प्रयत्न शून्यावर ठेवा, म्हणजे सीडी विनाकारण फिरत राहणार नाही. चकाकत्या भागात शिरला असेल, तर घालू नका. सीडी कुरिअरने मला पाठवा. आणि हो, वकीलताईंच्या वहीसाठी नाव, पत्ता आणि उद्देश चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.